सापाचा केसपेपर

“किटलीत काय आहे?” खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं.

“साप,” आत्ती म्हणाली.

“अहो मावशी, चेष्टा नको. दूध असेल तर बाहेर ठेवा. आत सांडतं, मुंग्या होतात.”

“दूध घरात ठेवून आलोय. ह्यो साप हाय. जित्ता हाय. माझ्या सुनेला चावलाय. पेपर काढा.”

तिनं किटली उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. क्लार्क खुर्चीसकट मागं सरकला आणि भिंतीला टेकला. बाजाराचा दिवस होता, त्यामुळं सरकारी दवाखान्यात ही गर्दी. खिडकीपुढची रांग व्हरांडा ओलांडून पार चिंचेच्या झाडापर्यंत गेली होती. ‘साप’ ऐकताच ती रांग मागं सरत चिंचेपलीकडं गेली. दोन बाया लेकरं काखेला मारून थेट रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाठीला गळू झालेला एक म्हातारा तेवढा बाकावरून हलला नाही, कारण त्याला हलवत नव्हतं.

“सकाळधरनं बसलोय,” तो कुणाला तरी म्हणाला, “माझं नाव आलं न्हाई, आन सापाचं आलं.”

केसपेपर निघाला. क्लार्कनं तो पट्टीच्या टोकावर ठेवून खिडकीतून बाहेर ढकलला. पैसे त्यानं मागितले नाहीत.

या सगळ्या वेळात मी खांबाला टेकून उभी होते आणि माझा उजवा हात माझा राहिलेला नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंत तो पाव फुगावा तसा फुगला होता आणि आत कुणीतरी निखारे भरल्यागत जळत होता. तोंडात गंजाची चव येत होती. थुंकले तर लाल.

माझ्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. नवरा मिलिटरीत, जम्मूकडं. घरात मी आणि माझी सासू सुंदराबाई. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात, आणि बाया ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. आत्ती सांगायची आणि मी ऐकायची, एवढंच आमच्यातलं बोलणं. माझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही, मी झाडते ते नुसतं धूळ इकडची तिकडं करते, आणि बारावी शिकून मला म्हशीचा कासरा धरता येत नाही, या तिच्या तीन तक्रारी. त्या खऱ्या होत्या, म्हणून जास्तच लागायच्या.

त्या दिवशी सकाळी चूल पेटवायला मी घरामागच्या परड्यात शेण्या, म्हणजे गोवऱ्या, आणायला गेले. रचलेल्या शेण्यांच्या ढिगात हात घातला आणि काटा टोचल्यासारखं झालं. हात बाहेर काढला तर मनगटाच्या वर दोन ठिपके, आणि त्यातून रक्ताचे दोन बारीक ओघळ. मी ओरडले. आत्ती म्हशीची धार काढून नुकतीच उठली होती. तिनं माझा हात बघितला, माझ्याकडं बघितलं, दूध पातेल्यात उपडं केलं आणि रिकामी किटली घेऊन परड्यात गेली. मी उंबऱ्यावर बसले होते. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. तेवढ्यात तिला किटलीचीच काय काळजी पडली, असंच मला वाटलं. माझ्या नशिबात असली सासू, असंही वाटलं.

ती परतली तेव्हा किटलीचं झाकण घट्ट बसवलेलं होतं आणि वरून तिच्या जुन्या लुगड्याचा काठ करकचून बांधलेला होता.

शेजारपाजारचे जमले. कुणी म्हणालं, देवळात नेऊन बसवा, तिथं विष उतरवतात. आत्ती म्हणाली, “हिला आता टेंपोत चढवायची हाय. उतरवायचं ते दवाखान्यात.”

डेअरीचा टेंपो बाळासो चालवायचा. किटलीत काय आहे हे त्याला आत्तीनं अर्ध्या वाटेत सांगितलं. त्यानंतर त्यानं गाडी अशी हाणली की दुधाचे कॅन मागं ढोल वाजवत होते. स्वतः मात्र अर्धा दाराबाहेर लोंबकळत होता. दवाखान्याच्या फाटकात आम्हाला उतरवून “टेंपो लावून येतो” म्हणाला आणि गेला. तो पुढं दोन दिवस आला नाही.

तर केसपेपर घेऊन आम्ही डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. डॉक्टर देवस्थळी ठाण्याचे, कोवळे, बोलायला मऊ. नेमणूक होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी माझा हात बघितला, पापणी ओढून बघितली, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, “कोणता साप होता? पाहिलात का?”

हा प्रश्न ऐकून आत्तीच्या तोंडावर जे उमटलं, त्याला हसू म्हणावं की आणखी काही, ते मला त्या वेळी कळलं नाही. तिनं किटली त्यांच्या टेबलावर, स्टेथोस्कोपच्या शेजारी ठेवली.

“तुमीच बघा.” ती गाठ सोडायला लागली.

“नको! झाकण काढू नका!” डॉक्टर उठले. “तोंडी सांगा. कसा दिसतो ते सांगा.”

“जाडजूड हाय. अंगावर बदामाच्या आकाराचे ठिपके, साखळीवानी. डिवचला की कुकरगत शिट्टी मारतोय.”

“घोणस,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेन उचललं. “मावशी, यांना ताबडतोब जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. मी चिठ्ठी देतो. इथं तेवढी सोय नाही.”

“तुमची गाडी?”

“ड्रायव्हर रजेवर आहे.”

“लस हाय का?”

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले होते. उत्तर दारातून आलं. “लस आहे की. मागच्या आठवड्यात पेटी आली.” दारात कुरणे सिस्टर उभ्या होत्या. पांढऱ्या साडीत दार भरून उरल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की बोलणारा माणूस गप्प बसावा. सिस्टर गप्प बसल्या, पण तिथून हलल्या नाहीत.

“नुसती लस असून भागत नाही,” डॉक्टर म्हणाले. “ती देताना रिअॅक्शन येऊ शकते. श्वास कोंडू शकतो. मोठ्या दवाखान्यात सगळं असतं. इथं काही बरंवाईट झालं, तर तुमचेच लोक येऊन दवाखाना फोडतील.”

“आमच्यात फोडायला कोण हाय? पोरगा मिलिट्रीत. मी आन ही. ही गेली तर मी एकटी ऱ्हातो. मी एकटी काय फोडणार?”

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढं केली. आत्तीनं ती घेतली, घडी करून कमरेला खोचली. मग माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. आम्ही दारापर्यंत गेलो.

“मावशी,” मागून डॉक्टरांचा आवाज, “तुमची किटली!”

“ती ऱ्हाऊ दे.”

“राहू दे म्हणजे?”

“सुनेला धरायला मला दोन हात लागत्यात. टेंपोवाला तर ह्येला बघून पळाला. दुसरी गाडी धरायची, घाट उतरायचा, तवर ह्येला कोण सांभाळणार? तुमच्याकडं शिपाई हाय, सिस्टर हाय. ऱ्हाऊ दे हितंच.”

“अहो, असं कसं ठेवता? हा दवाखाना आहे!”

“तेच की. मग असं करा, ह्येचा बी केसपेपर काढा आन ह्येला बी चिठ्ठी द्या. म्हंजे आमी दोघंबी एकाच गाडीनं जातो.”

व्हरांड्यातून गळूवाला म्हातारा मोठ्यानं हसला आणि पाठीतली कळ आठवून तितक्याच मोठ्यानं ओरडला.

डॉक्टर किटलीकडं बघत उभे राहिले. मग माझ्याकडं. माझ्या हनुवटीवरून रक्ताचा एक थेंब पदरावर पडला. तो त्यांनी बघितला. ते खुर्चीत बसले, लगेच पुन्हा उठले.

“सिस्टर, काचेची कोरडी नळी आणा. आणि लस काढून ठेवा.” मग आत्तीकडं वळून, अगदी हळू, “मावशी, खरं सांगतो. मी ही लस आजवर कुणाला दिलेली नाही.”

“मग आज द्या,” आत्ती म्हणाली. “माझ्या सुनेनं तरी साप कुठं आदी चावून घेतलाय?”

त्यांनी माझं रक्त नळीत घेऊन खिडकीत उभं करून ठेवलं. वीस मिनिटं त्याला हात लावायचा नव्हता. नंतर नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं घरंगळलं. एवढ्या वेळात गोठायला पाहिजे होतं, ते गोठलं नव्हतं. डॉक्टरांनी ऑफिसातला फोन तारेसकट ओढत माझ्या खाटेपर्यंत आणला आणि त्यांना शिकवलेल्या कुणा मॅडमना लावला. एका कानात बोट, दुसऱ्याला फोन. “हो मॅडम. सुरू करतो. हो, रिअॅक्शनचं इंजेक्शन भरून ठेवलंय. हो मॅडम, घाबरत नाही.” हे शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणाले.

लस घातलेलं सलाइन चढायला लागलं आणि थोड्याच वेळात त्यांना ज्याची भीती होती, तेच झालं. मला हुडहुडी भरली. दात दातांवर आपटायला लागले, अंगभर गांधी उठल्या आणि घसा आतून आवळत चालला. मला आठवतं ते एवढंच, की आत्तीचा चेहरा माझ्यावर वाकला होता आणि ती बोलत होती, “पोरी, इकडं बघ. माझ्याकडं बघ. भाकरी जमंना तर न जमू दे. इकडं बघ.”

डॉक्टरांनी सलाइन बंद केलं. मांडीत एक सुई बसली. सुई टोचताना ते ओठ हलवून आकडे मोजत होते, हे मी पाहिलं. माणूस मरणाच्या दारात नको त्या गोष्टी बघतो. हळूहळू घसा सुटला. त्यांनी थांबून, नाडी धरून, पुन्हा थेंब सुरू केले, आधीपेक्षा हळू. आणि माझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले ते उठलेच नाहीत. बाहेरचे पेशंट त्यांनी तिथंच बोलावून तपासले. गळूवाल्याचं गळू माझ्या शेजारच्या खाटेवर फुटलं. त्यानं शिव्यांमध्ये कुणालाच वगळलं नाही.

किटली या काळात माझ्या खाटेच्या पायथ्याशी होती, आणि तिचा खरा उपयोग कुरणे सिस्टरनी करून घेतला.

घसा सुटल्यावर मी डोळे मिटून पडले होते, तेव्हा त्या आत्तीच्या कानाशी लागल्या. “मावशी, डोकं भारी हं तुमचं. रिकामी किटली आणि असला दरारा!”

“हूं,” आत्ती म्हणाली.

एवढं पुरलं. सिस्टरांना जणू बढती मिळाली. शिपाई सलाइनच्या बाटल्या आणायला रेंगाळला, की त्या किटलीच्या गाठीला हात लावायच्या. “आणतोस का सोडू?” तो पळत जायचा. वॉर्डातला पंखा कितीतरी महिने बंद होता म्हणे. क्लार्क म्हणाला, इलेक्ट्रिशियनला उद्या सांगतो. सिस्टरांनी पायानं किटली थोडी त्याच्याकडं सरकवली. पंखा जेवणाच्या आधी सुरू झाला. पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीला कधी न दिसलेली गरम पाण्याची बादली दिसली. मला चादर मिळाली, तीही कोरी, घडी न मोडलेली. ती कपाटात का ठेवली होती असं आत्तीनं विचारलं, तर शिपाई म्हणाला, “साहेब लोक आले की घालतो.”

“मग घाल,” सिस्टर म्हणाल्या, “आज साहेब किटलीत आहेत.”

दुपार कलली. माझ्या हिरड्यांतलं रक्त थांबत आलं होतं. डॉक्टर हात धुवायला गेले. सिस्टर कामाच्या जोरात होत्या. त्या म्हणाल्या, “मावशी, आता बास झालं नाटक. द्या इकडं, धुऊन ठेवते, जाताना दूध न्यायला होईल.” त्यांनी किटली उचलली. “बरीच जड आहे हो रिकामी असून,” असं स्वतःशी म्हणत गाठ सोडली आणि झाकण वर केलं.

आतून कुकरची शिट्टी झाली.

सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडायला श्वास लागतो. त्यांनी झाकण दाबलं, किटली खाली टेकवली आणि सगळ्या वजनानिशी तिच्यावर बसल्या.

वॉर्डात पंखा तेवढा फिरत होता.

“मावशी,” सिस्टर पुढं बघत म्हणाल्या, “ह्यात साप आहे.”

“मी सकाळधरनं दुसरं काय सांगतोय?”

“पण मी म्हटलं रिकामी, तेव्हा तुम्ही ‘हूं’ म्हणालात!”

“हूं म्हंजे ऐकलं. तुमी एवढ्या खुशीत हुता, म्हणलं कशाला मोडता घाला.”

बाजारात सायकलचं दुकान असलेला यासीन साप पकडायचा. त्याला बोलवायला शिपाई धावला. या वेळी त्याला धमकी द्यावी लागली नाही. यासीन येईपर्यंत सिस्टर किटलीवरून उठल्या नाहीत. तिथूनच त्यांनी गोळ्या वाटल्या, एका पोराचं थर्मामीटर वाचलं, डॉक्टरांनी सांगितलेली औषधं पेपरवर उतरवली. मधे एकदा डॉक्टरांनी नको तितक्या नम्रपणे विचारलं, “सिस्टर, चहा घेणार का?” तर त्या म्हणाल्या, “साहेब, आता मला हसवू नका. हलेन.”

यासीननं झाकण उघडून आत बघितलं आणि शीळ घातली. घोणसच. मनगटाएवढी जाड. त्यानं ती पोत्यात घातली आणि डोंगराकडं घेऊन गेला. हिला पकडलंत कसं, असं त्यानं आत्तीला विचारलं. ती म्हणाली, “शेणीच्या ढिगापुढं किटली आडवी धरली, मागनं खुरप्यानं शेण्या हलवल्या. अंधार दिसला, गेला आत. त्येला बी कुटंतरी जायचंच हुतं.”

चार-पाच दिवस मी तिथं होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड झोपला होता तेव्हा, डॉक्टर येऊन त्याच स्टुलावर बसले. मी जागी होते, पण डोळे मिटलेले होते. सासू आणि डॉक्टर काय बोलतात हे ऐकायचं तर तोच मार्ग होता.

“मावशी, एक विचारू? जिवंत साप कशाला आणलात? तुम्हालाही चावला असता.”

आत्तीच्या बांगड्यांचा आवाज आला.

“आमची इंदू हुती,” ती म्हणाली. “हिच्या नवऱ्याची धाकटी भन. तिला चावला, तवा मी हितंच आलो हुतो. तुमच्या त्याच खोलीत. तवा दुसरे डाक्टर हुते. त्येनी मला इचारलं, कंचा साप? मी म्हणलं, बघितला न्हाई. त्येनी पुन्यांदा इचारलं, मोठा हुता का बारका? कसला हुता? मी काय सांगणार? त्ये म्हणाले, साप कंचा ते कळल्याबगार मी काय बी करू शकत न्हाई, मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.”

“मग?”

“घाटात, दुसऱ्या वळणाला. एसटीत. माझ्या मांडीवर हुती.”

डॉक्टरांचं स्टूल करकरलं.

“एवढी वरसं मनात तेच हुतं बगा,” आत्ती म्हणाली. “सांगाया आलं आसतं तर. म्हणून आवंदा म्हणलं, आपल्याला काय इचारायलाच नगो. त्येलाच घेऊन जाऊ.”

मला या घरात येऊन पाच महिने झाले होते आणि इंदूचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. नवऱ्यानं एवढंच सांगितलं होतं, की एक बहीण होती, ती तापानं गेली.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “ते... ते तसं नसतं. साप दिसला नसला तरी चालतं. लक्षणं बघून लस देता येते. तुमची चूक नव्हती.”

“व्हय?” आत्ती म्हणाली. एवढंच. मग तिनं विचारलं, “तुमी जेवलाय का?” त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा तिनं डब्यातली भाकरी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ते तिथंच बसून खाऊ लागले. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर ते कोरडे दिसले नसते.

डॉक्टर देवस्थळी एका वर्षात बदली करून घेतील असं सगळे म्हणत होते. ते राहिले. पण त्यांच्यापुढं एक नवीच पंचाईत उभी राहिली. आमची गोष्ट बाजारातून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर गेली, आणि जाताना तिचा अर्थ असा झाला की सरकारी दवाखान्यात लस मिळते, पण सापाला हजर करावं लागतं. पुढच्या पावसाळ्यात लोक डब्यांतून, पिशव्यांतून, एक जण तर जावयाच्या नव्या हेल्मेटमधून साप घेऊन आले. धामणी आल्या, दिवड आले. एकानं गांडूळ आणलं, मोठं होतं म्हणाला. क्लार्कनं खिडकीला जाळी बसवून घेतली. यासीनला सायकली दुरुस्त करायला वेळ मिळेना.

दिवाळीच्या सुमाराला आत्ती आणि मी बाजाराला गेलो होतो. माझ्या पोटात तेव्हा थोरली होती, म्हणून तपासणीही उरकून घ्यायची होती. दवाखान्याच्या फाटकाशी नवा पत्र्याचा फलक लावला होता. निळा रंग, पांढरी अक्षरं. लोक थांबून बघत होते. आत्तीला वाचता येत नाही. तिनं माझा पदर धरून ओढला.

“काय लिवलंय गं?”

मी वाचून दाखवलं. “साप चावलेल्या रुग्णाला लस इथेच मिळेल. साप सोबत आणण्याची गरज नाही.”

आजूबाजूचे हसले. मीही हसले. आत्ती हसली नाही. ती फलकाकडं बघत उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो तिनं नीट केला.

“पैली ओळ पुन्यांदा वाच,” ती म्हणाली.